जुने वेस्टर्न चित्रपट मित्रांसोबत पाहताना सुरुवात कोठून करावी?

टिळकवाडीकर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

बेळगावात टिळकवाडीत आम्ही सहा मित्र गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी रात्री जेवणे उरकून एकाच्या घरी जमतो आणि जुने वेस्टर्न चित्रपट, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या घोडेस्वारांच्या आणि बंदुकांच्या गोष्टी, पाहतो. एकाचे उद्यमबागेत छोटे वर्कशॉप आहे, एक वकील आहे, एक बँकेतून निवृत्त झालेला आहे आणि उरलेले आम्ही तिघे शिक्षक आहोत. दोघांची मातृभाषा कन्नड असल्यामुळे चित्रपटानंतरच्या गप्पा मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतात, कधी त्याच्या उलटही होते, आणि त्याची आम्हाला इतकी सवय आहे की ते ध्यानातही येत नाही. आमची अडचण भाषेची नाही.

मला या चित्रपटांची ओढ लहानपणापासून आहे. ‘मॅकेनाज गोल्ड’ आपल्याकडे गाजत होता त्या काळात थोरल्या भावाने मला कॅम्पातल्या टॉकीजमध्ये नेले होते. संवादातले एक अक्षरही तेव्हा कळले नव्हते. पण उभे लाल कडे, त्यांच्या पायथ्याशी मुंगीएवढे दिसणारे घोडेस्वार आणि त्यांच्यामागे उठलेली धूळ आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे जॉन फोर्ड, हॉवर्ड हॉक्स, सर्जिओ लिओने या दिग्दर्शकांचे चित्रपट जमतील तसे पाहत गेलो. हा आनंद मित्रांनाही मिळावा, एवढ्याच इच्छेने शनिवारचा हा बेत सुरू केला.

पहिल्या खेपेला ‘द मॅग्निफिसन्ट सेव्हन’ लावला आणि तो सर्वांना आवडला. त्या उत्साहात दुसऱ्या शनिवारी मी लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ लावला. रेल्वेच्या एका ओसाड स्टेशनावर तीन माणसे गाडीची वाट पाहत आहेत आणि कोणी फारसे बोलत नाही, हा आरंभीचा प्रसंग मला जगातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो. पण पाच मिनिटे होतात न होतात तोच वर्कशॉपवाल्या मित्राने फोन हातात घेतला, दुसऱ्याने “गोष्ट कधी सुरू होणार?” असे विचारले आणि अर्ध्या वाटेवर दोघे निरोप घेऊन गेले. त्यांचा मला राग आला नाही. मीच काही तरी चुकीच्या क्रमाने वाढले असावे, असे मात्र वाटत राहिले.

त्यानंतर ‘स्टेजकोच’ पाहिला, तेव्हा निराळाच प्रश्न उभा राहिला. अपाची या तिथल्या मूळ रहिवाशांनी घोडागाडीचा पाठलाग करण्याच्या प्रसंगात मी पुढे सरकून बसलो होतो आणि वकील मित्र मात्र शांत होता. चित्रपट संपल्यावर तो म्हणाला, की एवढी माणसे घोड्यांवरून कोसळून मेली आणि त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडी शब्द नाही, तेव्हा अशा दृश्याला आपण दाद कशी द्यायची? त्याला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि उगाच काही तरी बोलून वेळ मारून न्यावी असेही वाटले नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. असे चित्रपट मंडळींसोबत पाहायचे असतील तर कोणता आधी आणि कोणता नंतर लावावा? संथ भागांसाठी मित्रांची तयारी कशी करून घ्यावी? आणि वकील मित्राच्या आक्षेपाचे काय करावे?

निपाणीकर

टिळकवाडीकर सर, नमस्कार.

तुमच्या मित्रांना चित्रपट संथ वाटतो, याचे मोठे कारण मला असे दिसते की भांडण कशावरून आहे हे त्यांना आधी ठाऊक नसते. बांधावरून दोन भाऊ एकमेकांसमोर उभे ठाकले, तर आपल्या गावातल्या माणसाला त्या दोघांचे नुसते उभे राहणेही पुरते. तो बांध किती वर्षे धुमसतो आहे हे त्याला माहीत असते. परक्या माणसाला तिथे दोन गप्प माणसे दिसतात. वेस्टर्नचेही असेच आहे.

१८६२ साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. जो माणूस जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहील आणि ती कसेल, त्याला सरकारी जमिनीतून १६० एकरांपर्यंत तुकडा मिळू लागला. त्याच मोकळ्या सरकारी जमिनीवर मोठे पशुपालक आपली हजारो गुरे चारत होते आणि ते सारे रान त्यांना आपले गायरानच वाटत होते. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्ससमध्ये गुरे उदंड होती आणि गिऱ्हाईक होते दूर उत्तरेकडे व पूर्वेकडे. त्यामुळे १८६७ पासून कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन या रेल्वेच्या ठाण्यापर्यंत ती चिझम वाटेने महिनोन्‌महिने हाकत नेली जाऊ लागली. हॉक्सचा ‘रेड रिव्हर’ (१९४८) त्याच प्रवासाचा आहे. पुढे १८७४ मध्ये ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले, शेतकऱ्यांनी शेतांना कुंपणे घातली आणि गुरांच्या वाटा तुटल्या. १८९२ मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन परगण्यात तर बड्या पशुपालकांनी भाडोत्री बंदूकधारी आणून लहान वस्तीकरांवर चाल केली. सरकार दूर आणि बंदूक जवळ, अशा मुलखात बळी तो कान पिळी हाच न्याय चालतो. कायदा तेथवर कधी आणि कोणाच्या हाताने पोहोचतो, हा बहुतेक वेस्टर्न चित्रपटांचा विषय आहे.

एवढे पाच मिनिटांत सांगा आणि मग ‘शेन’ (१९५३) लावा. आमच्या निपाणी-चिकोडी भागात धनगर मेंढरे घेऊन उतरतात, शेतात कळप बसवतात आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. दोघांचेही त्यात भले असते. पण रात्री कळप उभ्या शाळूत शिरला, तर पिढ्यांचा घरोबा एका सकाळीत संपतो. मी हा चित्रपट चुलत्यांसोबत पाहिला. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना कोण उभे आहे हे त्यांनी मला न विचारता ओळखले.

त्यातला झाडाच्या बुंध्याचा प्रसंग मित्रांना नीट पाहायला सांगा. शेतकऱ्याच्या अंगणात एक जुना, प्रचंड बुंधा रुतून बसला आहे. वाट चुकल्यासारखा आलेला शेन न बोलता कुऱ्हाड घेतो आणि यजमानाच्या समोरच्या बाजूने मुळांवर घाव घालू लागतो. जनावरे जुंपून तो ओढून काढा, असे बायको सुचवते, पण नवरा ऐकत नाही. शेवटी दोघे खांदे लावून तो उलथवतात. बाभळीचा बुंधा ज्याने स्वतः खणून काढला आहे त्याला या दोघांची मैत्री वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि चिखलातला तो खून. भाडोत्री मारेकरी दुकानासमोरच्या कोरड्या लाकडी फळ्यांवरून सावकाश चालतो आणि रागीट, लहानखुरा शेतकरी खालच्या चिखलातून घसरत त्याच्या बरोबरीने चालत राहतो. गोळी सुटते, तेव्हा तो माणूस कोणी ओढल्यासारखा मागे फेकला जातो. चित्रीकरणात नटाला खरोखरच तारेने मागे खेचले होते आणि बंदुकीचा आवाजही मुद्दाम वाढवला होता. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी महायुद्धात सैन्यासोबत राहून नाझींच्या डाखाऊ येथील छळछावणीचे चित्रीकरण केले होते. गोळी माणसाचे काय करते हे पाहून आलेल्या दिग्दर्शकाने हा प्रसंग घेतला आहे, हे मला त्यात जाणवते.

हिंदवाडी

वरील विवेचनात थोडी व्यावहारिक भर घालतो, कारण आमच्या घरी याच गोष्टींनी दोन रात्री वाया गेल्या होत्या.

नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत दाखवण्याची एक सोय आधीपासून चालू असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, आणि टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरतो, त्यामुळे जुना चित्रपट एखाद्या मालिकेसारखा दिसू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी. ‘स्टेजकोच’ किंवा ‘हाय नून’ यांचे चित्र जवळजवळ चौकोनी असते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून ते ताणून पडदाभर करू नये. लिओनेच्या रुंद चित्रपटांना वर-खाली पट्ट्या येतात, त्याही तशाच राहू द्याव्यात, कारण त्याने एका कडेला चेहरा आणि दुसऱ्या कडेला क्षितिज ठेवलेले असते. आवाजासाठी वेगळा स्पीकर जोडता आला तर फारच उत्तम. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे, हा नियम आम्ही पहिल्या दिवशीच सर्वांच्या संमतीने केला.

आणखी एक सुचवावेसे वाटते. ‘शोले’ सर्वांनी पाहिलेला असतोच. तो १९७५ चा, आणि त्याचे रामगढ उभे राहिले ते आपल्याच कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग पुन्हा एकदा लावून झोपाळ्याची करकर ऐकायला सांगावी आणि लगेच लिओनेच्या चित्रपटातला मॅकबेन कुटुंबाचा प्रसंग दाखवावा, जिथे रानातले किडे एकाएकी गप्प होतात. दोन्ही प्रसंगांचे नाते कोणाच्याही लक्षात येते, आणि ज्यांना लिओने परका वाटत होता त्यांना तो ओळखीचा वाटू लागतो.

खानापूर रोड

मी रेल्वेत नोकरी केली आणि लोंढा-मिरज मार्गावरच्या लहान स्टेशनांवर बरीच वर्षे काढली. स्टेशनावरच्या त्या प्रसंगाबद्दल वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात लहान स्टेशनावर काही घडत नसते, असे बाहेरच्यांना वाटते. तिथे काम करणाऱ्याच्या कानांना मात्र त्या वेळात विश्रांती नसते. पत्र्यावरून ठिबकणारे पाणी, सिग्नलच्या तारेची कुरकुर, खोलीतल्या यंत्राची घंटी, टोकनचा गोळा बाहेर पडतानाचा खणखणाट, हे सारे ऐकत आपण गाडीची वाट पाहत असतो, आणि रूळ कधी बोलू लागतात ते आधी कानालाच कळते. लिओनेने त्या प्रसंगात नेमके हेच केले आहे. गंजलेल्या पवनचक्कीची कुरकुर, टोपीवर टपटपणारे पाणी, दाढीवर फिरणारी माशी, बोटे मोडल्याचा आवाज. तिथे संगीत नाही. जे ऐकू येते तेच संगीत आहे. मित्रांना एवढेच सांगा, की या दहा मिनिटांत पाहण्याइतकेच ऐकायचे आहे. आम्ही हा चित्रपट जुलैत, धो धो पावसात पाहिला. तेव्हा आमच्या पन्हळीतून पडणारे पाणी आणि त्या माणसाच्या टोपीवर पडणारे पाणी काही वेळ एकच झाले होते.

तरीही तो चित्रपट सुरुवातीला लावू नये, याविषयी माझे मत ठाम आहे. त्यात खलनायकाचे काम हेन्री फोंडा यांनी केले आहे. फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमंटाइन’मध्ये (१९४६) वायट अर्प हा कायदारक्षक झालेला, त्याआधी तरुण अब्राहम लिंकन झालेला हा नट अमेरिकन प्रेक्षकांच्या लेखी सचोटीचा चेहरा होता. तोच नट त्याच निळ्या डोळ्यांनी एका लहान मुलाकडे पाहतो आणि गोळी झाडतो. ज्याने आधीचे चित्रपट पाहिलेले नाहीत त्याला एक क्रूर माणूस दिसतो. ज्याने पाहिले आहेत त्याला आपल्या घरातल्याच माणसाने घात केल्यासारखे वाटते. म्हणून ‘क्लेमंटाइन’ आधी आणि लिओने पुष्कळ नंतर.

वाट पाहण्याची गोडी लावायची असेल तर ‘हाय नून’ (१९५२) लावा. तो फक्त ८५ मिनिटांचा आहे, आणि पडद्यावरचा वेळ व कथेतला वेळ जवळपास बरोबरीने चालतो. गावाचा मार्शल, म्हणजे कायदारक्षक, केन याचे नुकतेच लग्न लागले आहे, त्याने पकडून दिलेला गुन्हेगार दुपारी बाराच्या गाडीने परत येतो आहे, तीन साथीदार स्टेशनावर थांबले आहेत, आणि गावातला एकेक माणूस मदत नाकारतो आहे. मधून मधून घड्याळ दिसते. मधून मधून दूरवर गेलेले रिकामे रूळ दिसतात. आपण कुमार गंधर्वांच्या सुळेभावीच्या मुलखातली माणसे; विलंबित ख्याल ऐकताना कोणी घाई करत नाही, कारण सम कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि गायक तिथवर कसा येतो याकडेच सारे लक्ष असते. या चित्रपटाची सम बारा वाजता आहे. चित्रपट रात्री पावणेअकराच्या सुमारास सुरू करा, म्हणजे पडद्यावरचे बारा आणि भिंतीवरचे बारा एकमेकांच्या जवळपास येतील.

आणि तो पाहून झाल्यावर पुढच्याच शनिवारी ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) पाहा. कायदारक्षकाने गावभर मदत मागत फिरावे हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि नट जॉन वेन यांना मुळीच पटले नव्हते. त्यावरचे त्यांचे उत्तर म्हणजे हा चित्रपट. त्यातला शेरीफ, म्हणजे कायदारक्षकच, हौशी माणसांची मदत नाकारतो. दोन्ही पाहिल्यावर कोणाचे बरोबर, यावर तुमच्याकडे रात्रीचा एक वाजेपर्यंत वाद चालेल.

शहापूरची वाचक

आपल्या वकील मित्रांचे म्हणणे मला योग्य वाटते, आणि ते बाजूला ठेवून हे चित्रपट पाहावेत असे मला वाटत नाही. निपाणीकर दादांनी गायरानाचा दाखला फार चांगला दिला. पण त्या गायरानावर पशुपालकांच्याही आधी कोण राहत होते, हा प्रश्न त्यात राहून गेला. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लकोटा या मूळ रहिवासी लोकांचा म्हणून मान्य झाला होता. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले आणि काही वर्षांतच तो त्यांच्या हातून गेला. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे सैन्याने लकोटांची कत्तल केली, त्यात बायका होत्या आणि मुलेही होती. शेतकरी आणि पशुपालक ज्या जमिनीसाठी भांडत होते, ती तिसऱ्याच कोणाकडून घेतलेली होती. ‘शेन’मध्ये ते तिसरे माणूस दिसतच नाही, आणि मला तो चित्रपट मनापासून आवडत असूनही ही उणीव बोचते.

‘स्टेजकोच’बद्दल (१९३९) बोलायचे तर, फोर्डने ज्या मॉन्युमेंट व्हॅलीला जगभर ओळख मिळवून दिली, ती यूटा आणि अ‍ॅरिझोना यांच्या सीमेवरची नावाहो लोकांची भूमी आहे. त्याच्या चित्रपटांत त्या नावाहोंनीच कधी अपाची, कधी कोमांची अशा दुसऱ्या जमातींची माणसे म्हणून काम केले. स्वतःच्या भूमीवर, दुसऱ्याच्या नावाने, संवादावाचून. वकिलांना जे खटकले ते हेच आहे.

यावर उपाय म्हणून मी ‘द सर्चर्स’ (१९५६) सुचवीन, पण तो घाईने लावू नये. पाचसहा चित्रपट पाहून झाल्यावर लावावा. जॉन वेन यांनी केलेला ईथन एडवर्ड्स हा कोमांचींचा द्वेष करणारा माणूस आहे. मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांवर तो गोळ्या झाडतो, का, तर त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्या मृतात्म्याला परलोकाची वाट सापडू नये म्हणून. ज्याचा द्वेष करायचा त्याची श्रद्धाही त्याला पुरती माहीत आहे, हे मला फार भयंकर वाटते. पळवून नेलेल्या पुतणीला तो वर्षानुवर्षे शोधत राहतो, आणि हळूहळू आपल्या ध्यानात येते की ती सापडली तर हा तिला घरी आणील की मारून टाकील याची शाश्वती नाही. ज्या नटावर प्रेक्षकांचे इतके प्रेम होते त्याच्याकडूनच फोर्डने ही भूमिका करून घेतली. तरीसुद्धा चित्रपट दोषमुक्त होत नाही. कोमांची म्होरक्याचे काम जर्मनीत जन्मलेल्या एका गोऱ्या नटाकडे दिलेले आहे, आणि ईथनचा द्वेष जितका जवळून दाखवला आहे तितके त्या म्होरक्याचे दुःख दाखवलेले नाही.

त्यातले दार मात्र अवश्य पाहावे. सुरुवातीला पडदा काळा असतो, मग दार उघडते आणि आतल्या अंधारातून एक बाई बाहेरच्या उन्हाकडे पाहत उंबऱ्याशी उभी राहते. शेवटी सगळे घरात जातात, ईथन एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर धरून क्षणभर उंबऱ्याबाहेर थांबतो, मग वळतो, आणि दार लागते. त्या हावभावाकडे मी मैत्रिणींचे लक्ष आधी वेधले नव्हते, तरी आमच्यातल्या तिघींनी नंतर तोच प्रसंग काढला. उंबरा ओलांडणे आणि उंबऱ्याबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना वेगळे शिकवावे लागत नाही.

डेल्मर डेव्हज यांचा ‘ब्रोकन अ‍ॅरो’ (१९५०) आणि नंतरच्या काळातला ‘डान्सेस विथ वुल्व्हज’ (१९९०) हेही क्रमात ठेवा. दुसऱ्यात लकोटा पात्रे बराच वेळ लकोटा भाषेतच बोलतात. ज्या माणसांना आपण आजवर फक्त घोड्यावरून कोसळताना पाहिले, ती आपसात चर्चा करताना, घरात वाद घालताना ऐकू येतात, तेव्हा आधीच्या चित्रपटांतली शांतता किती मोठी होती हे कळते. दाद देण्याविषयी विचाराल तर, ‘स्टेजकोच’मधल्या पाठलागाच्या प्रसंगात साहसदृश्ये करणारे याकिमा कॅनट यांनी धावत्या घोड्यांच्या मधून खाली पडून गाडीखालून जाण्याचे जे साहस केले, त्याला मी दाद देते. कथेने त्या माणसांना मुके ठेवले, तिथे देत नाही. एकाच बैठकीत दोन्ही करता येते.

निपाणीकर

शहापूरच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. गायरान हा शब्द लिहिताना ते कोणाचे होते हे मी लिहायला हवे होते. पुढच्या वेळी मंडळींना ‘शेन’ची ओळख करून देताना १८६२ च्या कायद्यासोबत १८६८ चा तहही सांगेन. गोष्ट त्यामुळे लांबेल, पण पुरी होईल.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल ‘हाय नून’ पाहिला, त्याचा वृत्तान्त देतो.

हिंदवाडीच्या सूचनेप्रमाणे टीव्हीची ती सोय बंद केली, चित्र ताणले नाही, फोन माजघरात ठेवले. पावणेअकराला सुरुवात केली. निवृत्त मित्राच्या घरी भिंतीवर ठोके देणारे जुने घड्याळ आहे. पडद्यावर बारा वाजण्याच्या बेताला एकामागून एक चेहरे येतात, रिकामी खुर्ची येते, लंबक येतो, आणि ती सारी चित्रे संगीताच्या ठेक्यावर बदलत जातात. त्या वेळी आमच्यापैकी कोणीही हालचाल केली नाही. पडद्यावरचे बारा थोडे आधी वाजले, आमचे घड्याळ गोळीबार सुरू असताना वाजले, आणि दोन जण खरोखर दचकले.

वर्कशॉपवाल्या मित्राने मला न दिसलेली एक गोष्ट दाखवली. केन न्हाव्याच्या दुकानात येतो, तेव्हा मागच्या बाजूने हातोड्याचे ठोके ऐकू येत असतात, आणि न्हावी ते थांबवायला सांगतो. शवपेट्यांचे काम तिथे चालले आहे. मी हा चित्रपट चार वेळा पाहिला असेल, पण ते ठोके माझ्या कानांवरून गेले होते. हा मित्र दिवसभर हातोड्याच्या आवाजात असतो. ठोके थांबले की त्याचे लक्ष जाते, असे तो म्हणाला.

वकील मित्र चर्चमधल्या प्रसंगाबद्दल बराच वेळ बोलला. केन मदत मागायला येतो, मुलांना बाहेर पाठवले जाते आणि चर्चा सुरू होते. त्यात कोणी उघड भित्रेपणाचे बोलत नाही. प्रत्येकाचे कारण ऐकायला रास्त वाटते. मेयर तर केनची तोंडभर स्तुती करतो आणि शेवटी सांगतो, की उत्तरेकडचे लोक या गावात पैसा घालण्याच्या विचारात आहेत, रस्त्यावर रक्त सांडले तर ते माघार घेतील, तेव्हा केनने निघून जाणेच बरे. पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रपट तयार होत असतानाच कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले, त्यांचे नाव काळ्या यादीत गेले आणि ते इंग्लंडला निघून गेले, हे मी तेव्हा सांगितले. त्यावर आमचे कन्नड मित्र म्हणाले, की हे आधी सांगितले नाही ते बरे केले. आम्ही तो मेयर आमच्याच सोसायटीच्या सभेत पाहिलेला आहे. मग वकिलाने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि आम्ही तो पुन्हा पाहिला.

पुढच्या शनिवारी ‘शेन’ ठरला आहे, आणि १८६२ व १८६८ या दोन्ही सालांची माहिती द्यायचे काम वकिलाने स्वतःकडे घेतले आहे. वर्कशॉपवाला मित्र त्याच्या वडिलांना कडोलीहून आणणार आहे. त्यांनी शेतातला चिंचेचा बुंधा काढायला चार दिवस घालवले होते, असे तो सांगत होता.